अंडाशयातील गलगंड

(सत्तरी तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात भरलेल्या आरोग्य शिबिरात ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे जो विषय छापला आहे, तो वाचून आपल्यापैकी काहींना मुद्रणदोषाचा संशय आला असेल. गलगंड हा गळ्याचा विकार. त्याच्या नावातच गळा आहे. तो अंडाशयात, म्हणजे स्त्रीच्या ओटीपोटात कसा जाऊन बसेल? मघाशी चहा घेताना मुख्याध्यापकांनी मला नेमके हेच विचारले. छपाईत चूक झालेली नाही. एके काळी मीही हाच प्रश्न एका रुग्णालयाच्या खिडकीशी उभा राहून, आणि तोही बऱ्याच वरच्या पट्टीत, विचारला होता. ती हकिकत पुढे येईलच.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी वैद्य नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि शासनाच्या प्रसिद्धीचे काम करतो. जे सांगणार आहे ते जाणकार डॉक्टरांकडून समजून घेतलेले आहे. कोणी मला आपल्या घरच्या दुखण्यावर औषध विचारू नये. त्यासाठी वैद्यकीय अधिकारी बाई येथे बसल्या आहेत.

या विकाराला वैद्यकशास्त्रात ‘स्ट्रुमा ओव्हरी’ म्हणतात. स्ट्रुमा म्हणजे गलगंड आणि ओव्हरी म्हणजे अंडाशयाचा. हा विकार अत्यंत विरळा आहे. अंडाशयात होणाऱ्या एकूण गाठींपैकी शंभरात एकसुद्धा गाठ या जातीची नसते. मग इतक्या दुर्मिळ विकारासाठी आपली संध्याकाळ का घ्यावी, असे कोणी म्हणेल. त्याला कारण असे की, ही गाठ माणसाला ज्या रीतीने फसविते, त्याच रीतीने पोटातल्या नेहमीच्या गाठीही फसवितात. आणि आपण घरची माणसे ज्या चुका करतो, त्या दोन्ही ठिकाणी सारख्याच असतात.

प्रथम गळ्यातील ग्रंथीविषयी दोन शब्द. थायरॉइड किंवा अवटू ग्रंथी ही कंठाच्या पुढच्या बाजूस, पंख पसरून बसलेल्या फुलपाखरासारखी असते. तिचे वजन जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम. रक्तातील आयोडीन उचलून ती आपले संप्रेरक तयार करते आणि त्या संप्रेरकाच्या बळावर शरीराचा सारा कारभार कमीअधिक वेगाने चालतो. संप्रेरक वाढले की नाडी धावते, हात कापतात, माणूस खाऊनपिऊन वाळत जातो. कमी पडले की अंग जड होते, थंडी सोसत नाही, आळस भरतो. आयोडीनच्या अभावी ही ग्रंथी सुजून गळ्यावर गोळा येतो, त्यास आपण गलगंड म्हणतो. हिमालयाच्या पायथ्याच्या मुलखात हा विकार इतका पसरलेला होता की १९६२ साली देशाने त्याच्या निवारणासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आयुक्त मीठ आपल्या स्वयंपाकघरात आले ते त्या मार्गाने. मात्र आजच्या विषयातील गाठ मिठाच्या कमीअधिकपणाने होत नाही आणि मीठ बदलून ती विरतही नाही, हे येथेच सांगून टाकतो.

आता गळ्यातील ग्रंथीचे पेशीजाल ओटीपोटात कसे पोचले? ते पोचले नाही. तेथेच उत्पन्न झाले. स्त्रीच्या अंडाशयातील बीजपेशी ही सामान्य पेशी नव्हे. पुढे बालकाचे डोळे, केस, हाडे, मेंदू असे सर्व काही जिच्यातून घडावयाचे, अशी ती पेशी. क्वचित एखादी बीजपेशी पुरुषबीजाचा संबंध न येताच, आपली आपण वाढू लागते. तिच्यातून बालक होत नाही. पण बालक घडविण्याची जी सामग्री तिच्या ठायी असते, तीतील काही अस्ताव्यस्तपणे प्रकट होते. अशा गाठीला डॉक्टर टेराटोमा म्हणतात. नेहमी आढळणाऱ्या साध्या प्रकाराला रुग्णालयातील बोलीत ‘डरमॉइड’ म्हणतात. तो मात्र मुळीच दुर्मिळ नाही. अंडाशयाच्या दर पाच गाठींमागे साधारण एक गाठ या प्रकारची निघते. ती कापली असता आत तुपासारखा मेदट पदार्थ, केसांचा गुंता आणि कधी कधी चक्क दात सापडतात.

येथे मी थोडा थांबणार आहे, कारण सभेत शिक्षक पुष्कळ आहेत. शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टर बाहेर येऊन नातेवाईकांना थाळीतील गाठ दाखवितात. आत केस आणि दात पाहिल्यावर घरच्या माणसांच्या मनात काय काय येते, हे मी कार्यालयाच्या कामानिमित्त गावोगाव फिरताना ऐकले आहे. कोणी म्हणतो करणी केली, कोणी म्हणतो मुलगी लहानपणी केस गिळत होती. याहून वाईट म्हणजे, मुलगी अविवाहित असेल तर तिच्या वर्तनावर बोट ठेवले जाते. डरमॉइडची गाठ वयात आलेल्या मुलींत आणि तरुण स्त्रियांत विशेषेकरून आढळते. तिचा गर्भाशी अथवा पुरुषसंगाशी यत्किंचितही संबंध नाही. एखाद्या विद्यार्थिनीचे पोट वाढलेले दिसले तर कुजबूज सुरू होण्यापूर्वी शिक्षिकांनी तिला आईसह आरोग्य केंद्रात पाठवावे. याच गाठीला एकाएकी पीळ बसतो, आणि मग असह्य वेदना व ओकाऱ्या सुरू होतात. त्या वेळी शेक देत बसू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे. पिळामुळे रक्तपुरवठा तुटून अंडाशय मरतो. काही तासांचा उशीरही पुरतो.

तर अशा या डरमॉइडच्या पोटात त्वचा, केस, दात यांप्रमाणे अवटू ग्रंथीचेही थोडे पेशीजाल कधी कधी सापडते. परंतु ज्या गाठीत निम्म्याहून अधिक भाग अवटूच्या पेशीजालानेच व्यापला आहे, तिलाच स्ट्रुमा ओव्हरी म्हणतात. टेराटोमाच्या शंभर गाठींत अशा दोन-तीन. बाहेरून ती इतर गाठींसारखीच दिसते. कापली की आतला भाग काकवीच्या रंगाचा, चिकट, चकचकीत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता गळ्यातील ग्रंथीत दिसतात तशाच लहान लहान पिशव्या आणि त्यांत भरलेला घट्ट द्रव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील वैद्यांनी हे प्रथम पाहिले, तेव्हा ते खरोखरच अवटूचे पेशीजाल आहे की नुसते तसे भासते, यावर कित्येक वर्षे वाद चालला. ते पेशीजाल आयोडीनही साठविते आणि संप्रेरकही बनविते, हे सिद्ध झाल्यावरच तो मिटला.

आता ती हकिकत सांगतो. माझ्या चुलतभावाचे घर फोंडा तालुक्यात आहे. मोठे कुळागर, सुपारी, माड, केळी, माणसांचा राबता. २०१४ च्या पावसाळ्यात वहिनींचे पोट वाढू लागले. त्यांचे वय त्या वेळी एक्कावन्न. पाळी जाण्याचे वय, तेव्हा पोट सुटायचेच, असे सर्वांनी ठरविले. वहिनींनीही साडी थोडी सैल नेसावयास सुरुवात केली आणि कोणास काही सांगितले नाही. मात्र पोट वाढत असता हातपाय वाळत होते. छातीत धडधड होई. त्यांच्या हातच्या अबोलीच्या वळेशारांचे आमच्या कुटुंबात मोठे कौतुक होते. त्या चतुर्थीला त्यांच्याने एक वळेसार पुरा होईना. बोटे कापत. कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले अशक्तपणा. दादांनी ग्रामदेवतेचा कौल घेतला. त्यांत गैर काही नाही. आमच्या घराण्यात कौल घेतल्यावाचून विहीरसुद्धा खणीत नाहीत. पण कौल मिळेपर्यंत आणि मग चतुर्थी आटोपेपर्यंत असे दोन महिने गेले.

पुढे दम लागू लागला तेव्हा रुग्णालय गाठले. सोनोग्राफीत अंडाशयाची मोठी गाठ दिसली आणि पोटात पाणी झालेले आढळले. रक्ताची सी. ए. १२५ नावाची एक तपासणी असते. तिचा आकडा सर्वसाधारणपणे पस्तीसच्या आत असावा लागतो. वहिनींचा आकडा त्याच्या कित्येक पटींनी अधिक आला. डॉक्टरांनी सांगितले, ‘कर्करोगाची शक्यता धरून चालावे लागेल.’ शक्यता हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून निघाला खरा, पण घरी पोचेपर्यंत तो वाटेत कोठे गळून पडला कोण जाणे. पोटात पाणी झाले म्हणजे संपले, अशी आपल्याकडे समजूत आहे. वडीलधारी माणसे जमली. शस्त्रक्रिया करून तिचे हाल कशाला, त्यापेक्षा मुलीचे लग्न आईच्या डोळ्यांदेखत उरकून टाकू, अशी बोलणी सुरू झाली. मुलगी त्या वेळी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला होती. स्थळही ठरल्यासारखे झाले होते. वहिनी आतल्या खोलीत हे सर्व ऐकत होत्या. त्यांना मात्र कोणी काही विचारले नाही.

येथे वैद्यकशास्त्राची बाजू समजून घेतली पाहिजे. अंडाशयाची गाठ, पोटात पाणी आणि रक्तातील हा वाढलेला आकडा ही तिन्ही एकत्र दिसली की कर्करोगाचा संशय घेणे डॉक्टरांना भागच असते. पण ही तिन्ही लक्षणे साध्या, निरुपद्रवी गाठीतही एकत्र येऊ शकतात. अमेरिकेतील डॉक्टर मेग्ज यांनी १९३७ साली दाखवून दिले की, अंडाशयाच्या एका साध्या गाठीमुळे पोटात व छातीतही पाणी साचते आणि गाठ काढताच ते आपोआप नाहीसे होते. असाच प्रकार पुढे स्ट्रुमा ओव्हरीतही आढळला. या गाठीच्या पाचांपैकी एकीच्या, काही नोंदींप्रमाणे तिघींपैकी एकीच्या पोटात पाणी होते. सी. ए. १२५ हा आकडाही पोटाच्या आतल्या अस्तराला त्रास झाला की वाढतो. तो काही केवळ कर्करोगाची मुद्रा नव्हे. सोनोग्राफी, सी. टी. स्कॅन, एम. आर. आय. यांत जाणकाराला थोडाफार संशय येऊ शकतो. परंतु बहुतेक वेळा ही गाठ कोणत्या जातीची, हे ती बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून कळत नाही. सोनोग्राफीच्या कागदावरून मरणाचा निवाडा करणाऱ्या नातेवाईकांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

वहिनींच्या सुदैवाने दुसऱ्या मताकरिता त्यांना एका बाई डॉक्टरकडे नेले. त्या डॉक्टरांनी पोट पाहण्याआधी नाडी पाहिली आणि हात पुढे करावयास सांगितले. बोटे थरथरत होती. त्यांनी गळा चाचपला. गळ्यावर काहीच नव्हते. तरीही अवटूच्या संप्रेरकांची तपासणी करविली, आणि संप्रेरक फार वाढलेले निघाले. ‘आता लगेच शस्त्रक्रिया नको; आधी नाडी ताळ्यावर आणू,’ असे म्हणून त्यांनी कार्बिमाझोलच्या गोळ्या आणि हृदयाची गती आवरणारे औषध सुरू केले. घरच्यांनी याचा अर्थ डॉक्टरांनी आशा सोडली असा केला! खरे तर या खबरदारीत त्यांचा जीव वाचविण्याची मोठी गोष्ट होती. संप्रेरक बेफाम वाढलेले असता भूल देऊन शस्त्रक्रिया केली तर ज्वर, नाडीचा भडका, भ्रम असे प्राणघातक वादळ उठू शकते. स्ट्रुमा ओव्हरीच्या शंभर स्त्रियांपैकी पाच ते आठ जणींतच संप्रेरक असे वाढते. पण वाढले तर ते ओळखून आधी आवरले पाहिजे. वहिनींच्या बाबतीत ते गळ्यातून येत नसून पोटातून येत आहे, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते. संशय आला असता तर आयोडीनच्या सौम्य किरणोत्सर्गी मात्रेने चित्र काढून पाहता आले असते. गळ्यातील ग्रंथी निवांत पडलेली आणि ओटीपोटात मात्र ठिपका उजळलेला, असे ते चित्र दिसते.

महिन्याभराने शस्त्रक्रिया झाली. कर्करोगाचा संशय असल्याने व वय पन्नाशीच्या पुढे असल्याने गर्भाशय व दोन्ही अंडाशय काढले. पोटातील पाणी पुन्हा भरले नाही. धडधड थांबली. पंधरवड्यात वहिनी पेज सोडून जेवू लागल्या, आणि घरात सर्वांनी सुटकेचा निःश्वास सोडला. गाठ तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठविली होती. तिचा अहवाल दहा दिवसांनी घेऊन जा, असे सांगितले होते. मी रोज पणजीला जाणारा. साहजिकच ते काम माझ्याकडे आले.

मी तो अहवाल पाच आठवडे आणला नाही. कारणे पुष्कळ सांगता येतील. कार्यालयात कामाची गर्दी होती, हे खरे. पण गाठ गेली, माणूस बरे झाले, आता कागदात काय असावयाचे, असे मनाने घेतले होते. आणि मनाच्या तळाशी भीतीही होती की कागदात नको ते असेल. ‘वेळीच तपासणी करा’ अशी भित्तिपत्रके ज्याच्या टेबलावरून छापावयास जातात, त्याचे हे वर्तन. शेवटी वहिनींनीच दूरध्वनी करून विचारले, ‘भावजी, माझा कागद आला का?’

कागद हाती आला तेव्हा त्यावर स्ट्रुमा हा शब्द होता. इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी असल्याने कोश पाहण्याची खोड. कोशात अर्थ निघाला गलगंड. मी तसाच परत फिरलो आणि खिडकीतील कर्मचाऱ्याशी हुज्जत घातली, की तुम्ही दुसऱ्याच रुग्णाचा कागद दिलात. आमच्या रुग्णाच्या गळ्याला काही झालेले नाही, गाठ पोटातली होती. तो बिचारा क्रमांक पुन्हा पुन्हा पडताळून दाखवीत होता. अखेर विकृतिशास्त्राच्या डॉक्टरांनी मला आत बोलावून बसविले व आता मी जे आपणास सांगितले ते समजावून दिले. त्यानंतर त्यांनी अहवालातील खालच्या दोन ओळींवर बोट ठेवले. गाठीच्या एका कोपऱ्यात काही मिलिमीटर एवढ्या भागात कर्करोगाच्या पेशी आढळल्या होत्या. माझ्या टेबलाशी पाच आठवडे रखडलेली बातमी ती ही.

स्ट्रुमा ओव्हरी बहुतांशी साधीच असते. शंभरांत पाच ते दहा गाठींतच कर्करोग निघतो. तोही बहुधा गळ्यातील अवटूला होणाऱ्या कर्करोगाच्या जातीचा, म्हणजे हळू वाढणारा आणि उपचाराला चांगला वश होणारा. तरीपण तो अंडाशयाचा नेहमीचा कर्करोग नव्हे, आणि त्याचे उपचारही निराळे. म्हणून तर अहवालाचे महत्त्व. शस्त्रक्रिया करणाऱ्याला गाठ दिसते. तिची जात सांगतो तो सूक्ष्मदर्शकापाशी बसलेला माणूस. असे विरळा निदान आले की काचपट्ट्या दुसऱ्या अनुभवी विकृतिशास्त्रज्ञालाही दाखविण्याची पद्धत आहे. आम्ही त्या दाखविल्या. मतभेद झाला नाही.

उपचाराविषयी सांगावयाचे तर, गाठ साधी असेल तर ती काढणे हाच उपचार आणि तोच शेवट. तरुण स्त्रीची नुसती गाठ किंवा फार तर त्या बाजूचा अंडाशय काढतात. अलीकडे हे काम बहुधा दुर्बिणीतून होते. गाठ पिशवीत घालून, न फुटू देता बाहेर काढतात. दुसरा अंडाशय व गर्भाशय शाबूत राहतात, आणि पुढे मूल होण्यास अडचण येत नाही. अंडाशयाची शस्त्रक्रिया झाली म्हणून ठरलेले लग्न मोडणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे. ज्यांच्यात संप्रेरक वाढलेले असते, त्यांच्या गळ्यातील ग्रंथी इतके दिवस निवांत बसलेली असल्याने गाठ काढल्यावर ती कामाला लागेपर्यंत काही काळ संप्रेरक उलट कमीही पडू शकते. त्यासाठी रक्ततपासणी करून घ्यावी.

कर्करोग निघाला आणि तो पोटात किंवा अन्यत्र पसरलेला असला, तर उपचाराची जी रीत आहे ती ऐकून सामान्य माणूस बुचकळ्यात पडतो. पोटातील रोगासाठी गळ्यातील निरोगी अवटू ग्रंथी काढून टाकतात! यामागील विचार मला फार सुंदर वाटतो. पसरलेल्या रोगपेशी या अवटूच्याच वंशातील. आयोडीन दिसले की ते ओढून घेण्याची त्यांची सवय सुटलेली नसते. त्यांना किरणोत्सर्गी आयोडीन दिले तर त्या ते आपण होऊन गिळतात आणि त्याच किरणांनी मरतात. परंतु गळ्यातील ग्रंथी जागेवर असेपर्यंत ती या आयोडीनचा मोठा वाटा आपणच उचलते आणि रोगपेशी उपाशी राहतात. म्हणून आधी ती दूर करावी लागते. दुसरा लाभ असा की, थायरोग्लोब्युलिन नावाचे एक द्रव्य केवळ अवटूच्या पेशीच तयार करतात. ग्रंथी काढल्यावर रक्तात ते पुन्हा दिसू लागले तर रोग कोठेतरी शिल्लक आहे, असा इशारा मिळतो.

हे आयोडीन, ज्यास आयोडीन १३१ म्हणतात, परदेशातूनच आणावे लागते असे नाही. ट्रॉम्बे येथे १९५६ साली अप्सरा ही देशातील पहिली अणुभट्टी सुरू झाली. तेव्हापासून आपल्या शास्त्रज्ञांनी अशा औषधी द्रव्यांचे काम हाती घेतले, आणि मुंबईत परळ येथे १९६३ साली त्यांच्या वैद्यकीय उपयोगासाठी किरणोत्सारी वैद्यक केंद्र स्थापन झाले. अणुशक्ती म्हटली की आपणांस बॉम्ब आठवतो. तिचे हे रूपही आठवावे. या आयोडीनचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो आणि त्याचे प्रभावी किरण शरीरात एक-दोन मिलिमीटरपलीकडे फारसे जात नाहीत, त्यामुळे शेजारचे पेशीजाल बचावते. औषध तोंडाने घ्यावयाचे, एक कुपी किंवा थोडे पाणी. त्यानंतर रुग्णाला काही दिवस निराळ्या खोलीत ठेवतात. घरी आल्यावरही लहान मुले व गर्भवती यांच्यापासून थोडे दिवस दूर राहावे लागते. ही शिवाशीव नव्हे, खबरदारी आहे. दिवस भरले की ती संपते. गर्भवतीला वा अंगावर पाजणाऱ्या मातेला हा उपचार देत नाहीत, आणि उपचारानंतर किमान सहा महिने गर्भधारणा टाळावयास सांगतात. उपचाराआधी एक-दोन आठवडे आयोडीन अत्यल्प असलेला आहार घ्यावा लागतो; म्हणजे आयुक्त मीठ नाही आणि समुद्राची मासळी नाही. शस्त्रक्रियेपेक्षा हेच पथ्य अवघड, असे गोमंतकीय माणूस म्हणेल तर त्यास हसू नये.

पुढे जन्मभर थायरॉक्सिनची गोळी घ्यावी लागते. सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा तास तरी आधी. बरे वाटू लागले म्हणून ती बंद करावयाची नसते. काढून टाकलेल्या ग्रंथीचे काम ती करते, आणि रोग पुन्हा डोके वर काढू नये म्हणूनही तिची मात्रा ठरविलेली असते.

पण प्रत्येकीवर हे सारे करावे का? या विकाराचे रुग्ण इतके थोडे, की मोठ्या प्रमाणावर तुलना करून नियम घालून देता आलेला नाही. रोग अंडाशयाच्या आतच आणि अगदी अल्प असेल, तर गळ्याची शस्त्रक्रिया व आयोडीन न देता केवळ लक्ष ठेवावे, असे मानणारे जाणकार पुष्कळ आहेत. काहींचा कल अधिक उपचाराकडे असतो. माझ्या मते अशा वेळी एकाच डॉक्टरच्या शब्दावर घाईने हो किंवा नको म्हणण्यापेक्षा स्त्रीरोगतज्ज्ञ, कर्करोगतज्ज्ञ आणि अवटूच्या विकारांचे जाणकार यांनी एकत्र बसून ठरवावे, असा आग्रह रुग्णाने नम्रपणे धरावा. तो त्याचा हक्क आहे. वहिनींच्या गळ्याची सोनोग्राफी केली, ती निर्दोष निघाली. पोटातही अन्यत्र काही नव्हते. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून दोन्ही बाजू सांगितल्या आणि या खेपेस विचारले ते वहिनींना. त्या म्हणाल्या, ‘लक्ष ठेवा. मी दरवर्षी येईन.’

त्या शब्दाप्रमाणे त्या जातात. हा रोग पुन्हा उद्भवलाच तर दहा-दहा, क्वचित वीस वर्षांनीही उद्भवल्याच्या नोंदी आहेत. म्हणून पाच वर्षे झाली, आता सुटलो, असे येथे म्हणता येत नाही. त्यांचा अहवाल दादांच्या लोखंडी पेटीत, एक-चौदाच्या उताऱ्यांच्या शेजारी ठेवलेला असतो. जमिनीचा उतारा हरवला तर मामलेदार कचेरीतून दुसरा मिळतो. वीस वर्षांपूर्वीच्या गाठीची जात काय होती, हे सांगणारा कागद तितक्या सहजी मिळेलच असे नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरी पोटाची, छातीची, कोठलीही गाठ काढली गेली असेल आणि तिचा अहवाल आणावयाचा राहिला असेल, तर उद्याच जाऊन तो आणावा. मिळालेला अहवाल केवळ घेऊन न थांबता ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना दाखवावा.

मुलीचे लग्न त्या वर्षी झाले नाही. तिने पदवी घेतली, नंतर शिक्षणशास्त्राचा अभ्यासक्रम केला, आणि मग स्वतः पसंत केलेल्या स्थळी तिचा विवाह झाला. लग्नातले अबोलीचे वळेसार वहिनींनी स्वतः ओवले होते.

माझा वेळ केव्हाच संपला आहे. यापुढील भाग वैद्यकीय अधिकारी बाईंचा. भगिनींना काही विचारावयाचे असेल ते त्या मोकळेपणाने विचारतील, म्हणून अशी व्यवस्था केली आहे की सर्व पुरुषमंडळींनी माझ्याबरोबर व्हरांड्यात यावे. तेथे चहा ठेवला आहे. जाताना शेवटच्या माणसाने दरवाजा ओढून घ्यावा.